काळी, दोनदारी, बारा नंबरी

आमच्या गाडीचा रंग काळा आहे हे मला आर. सी. बुकावरून कळतं. तिथे तसं छापलेलं आहे, म्हणजे असणार. प्रत्यक्षात रत्नागिरीत गाडीचा रंग ठरवण्याचा अधिकार ना मालकाकडे असतो, ना कंपनीकडे. तो महिन्याकडे असतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की (आणि आमच्याकडे तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, उगाच शिंतडून जात नाही) जांभ्याचा तांबडा चिखल चाकांवरून दारांवर, दारांवरून काचांवर आणि तिथून छपरापर्यंत मजल मारतो. ऑक्टोबरात तोच चिखल वाळतो आणि धूळ होऊन परत येतो. थंडीत पहाटे दव पडतं, मग त्या धुळीवर ठिपके उमटतात. पांढऱ्या गाडीवरही हे सगळं होत असेल. पण पांढरी गाडी झालं-गेलं मनात ठेवते, काळी चव्हाट्यावर मांडते. त्यात येणारी-जाणारी पोरं बोटाने “धुवा” असं लिहून जातात. एकाने तर “धुवा” खाली “कृपया” असंही लिहिलं होतं. शहरात वळण आहे अजून.

जानेवारी-फेब्रुवारीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगितलं पाहिजे. गाडी उभी राहते ती बेड्याबाहेर, गडग्याला लागून, शेजारच्या अण्णांच्या हापूसखाली. दुसरी जागाच नाही. बेड्यातून खळ्यात यायला जो चढ आहे तो आमच्या आजोबांनी बैलगाडीच्या हिशोबाने बांधला, आणि बैलगाडीचं पोट बरंच उंच असतं. तर थंडीत त्या हापूसला मोहोर येतो आणि मोहोरामागोमाग तुडतुडे येतात. तुडतुडा हा तांदळाच्या कणीएवढा जीव. तो मोहोरातला रस पितो आणि पचला नाही तेवढा गोड चिकटा मागच्या बाजूने खाली सोडून देतो. खाली आमची गाडी. सकाळी बॉनेटवर बोट टेकवून उचललं की ‘चट्’ असा आवाज येतो. त्या चिकट्याला मुंग्या लागतात, मुंग्यांमागून सरडा येतो, आणि तरीही कुणी हात लावला नाही तर त्या गोडावर काळी बुरशी धरते. म्हणजे वर्षातून एकदा गाडी खरोखर काळी होते; पण तो काळा रंग आपला नव्हे, बुरशीचा.

मेमध्ये आंबे पडतात. पाव किलोचा हापूस उंचावरून बॉनेटवर आला की ‘बद्द’ असा आवाज होतो आणि वाटीभर पोचा पडतो. पहिला पोचा पडला तेव्हा मी अण्णांकडे गेलो. अण्णा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचं साधं बोलणंही मुद्देनिहाय असतं.

“झाड कुणाचं?”

“तुमचं.”

“आंबा?”

“तुमचाच.”

“सरळ खाली पडला की वाकडा?”

“सरळ.”

“म्हणजे आंबा आपल्या मार्गाने चालला होता. त्याच्या मार्गात गाडी कुणी उभी केली? अतिक्रमण कुणाचं?”

एवढं बोलून त्यांनी तो फुटलेला आंबा मात्र परत मागितला. आमरसाला चालतो म्हणे.

ही गाडी माझ्याकडे आली भाच्याकडून. भाचा पुण्यात होता, चार पैसे बरे मिळवत होता, लग्न झालेलं नव्हतं. अशा माणसाने स्पोर्ट्स कार घेणं समजू शकतं. मग त्याला कॅनडात नोकरी लागली. “मामा, विकायला काढली तर जी किंमत सांगतात ती ऐकून रडू येतं. तूच ठेव. तू नीट चालवशील,” असं म्हणून त्याने ती माझ्या नावावर केली. ‘नीट’ म्हणजे हळू, असं त्याला म्हणायचं होतं, आणि त्याचा तो शब्द माझ्यापेक्षा जिल्ह्यातल्या रस्त्यांनीच पाळला आहे. कंपनीचं नाव मी सांगत नाही. बायकोच्या मते त्याचा उच्चार मला अजून जमलेला नाही, हे खरं कारण.

आता, राज्यातल्या राज्यात गाडीचा मालक बदलला तर नंबर बदलत नाही. त्यामुळे मालक रत्नागिरीचा आणि पाटी एमएच १२, म्हणजे पुणे. आठ नंबरच्या मुलखात बारा नंबरची काळी, बुटकी, दोन दारांची गाडी घेऊन फिरणं म्हणजे काय, ते भाट्याच्या पुलापाशी शहाळं घ्यायला थांबल्याशिवाय कळत नाही. शहाळेवाला आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग भाव ठरवतो.

“अहो, मी इथलाच आहे. नाचण्याचा.”

“हां, सगळे असंच सांगतात. आजोळ असेल.”

“आजोळ नव्हे, घर!”

“मग गाडी कुणाची घेऊन आलाव?”

गणपतीपुळ्याला तर आमची गाडी वळणावर दिसायचा अवकाश, दोन्ही बाजूंनी माणसं धावतात. “रूम बघायची का, काका? समुद्राला लागून!” मी काच खाली करून अस्सल रत्नागिरी सुरात “नको रे बाबा” म्हणतो, तर तो म्हणतो, “मराठी छान बोलताव.” एप्रिलात रस्त्याकडेला आंबेवाले मला हापूस ओळखायचा कसा ते शिकवतात. मी ऐकून घेतो. एकदा तर समोरच्या माणसाचा उत्साह बघून दोन डझन घेऊनही आलो. घरात आढी लागलेली असताना मी आंबे विकत आणले, हे पाहून आईने कपाळावर हात मारला आणि त्या आंब्यांची रवानगी निमूटपणे आढीत केली, म्हणजे गल्लीत बभ्रा नको.

आईचा मूळ आक्षेप रंगाला. काळं नेसायचं ते संक्रांतीला, तेही हलव्याचे दागिने घालून. बारा महिने तेरा काळ दारात काळं उभं करायचं म्हणजे काय? मी तिला सांगितलं की अमेरिकेत हेन्री फोर्ड नावाच्या माणसाने १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली मॉडेल टी गाडी फक्त काळ्याच रंगात विकली आणि जग चाकांवर आणलं. आईने शांतपणे विचारलं, “मग २६ साली रंग का बदलला त्याने? काहीतरी झालं असणार ना?”

शेवटी भटजींनी तोड काढली. काळ्याला दृष्ट लागत नाही, उलट लावलेली दृष्ट ते शोषून घेतं, असं त्यांनी सांगितलं. (काळा रंग ऊनही शोषून घेतो, याचा अनुभव पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. समुद्रावरचं वारं सुटायला उशीर झाला की त्या दिवसांत आमच्याकडे अंगाची लाही होते, तेव्हा स्टीअरिंग धरायला बायको चहाचं भांडं उतरवायचं फडकं गाडीत ठेवते.) पूजा झाली. काळ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काय शोभलं म्हणता! त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, रंग बरोबर आहे. मग पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली. गाडीचा पुढचा भाग जमिनीला इतका जवळ की लिंबाला लोंबकळायला जागाच उरली नाही. पहिल्याच गतिरोधकावर त्याचं सरबत झालं.

रत्नागिरीकर कौतुक करत नाही, चौकशी करतो. गाडी कितीही सेकंदांत शंभराचा वेग घेवो, इंजिन कितीही घोड्यांचं असो, मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत प्रश्न एकच: “किती देते?”

“शहरात आठ.”

इथे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटतं ते सख्ख्या नातेवाइकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. अण्णा तर गणितच मांडतात. “एसटी लिटरला चार-साडेचार देते, पण पन्नास माणसं नेते. तू आठ देतोस आणि दोन नेतोस. म्हणजे माणशी हिशोब केला तर...” पुढचा हिशोब ते मोठ्याने करत नाहीत. मनातल्या मनात करतात आणि मान हलवतात. स्पीडोमीटरवर २८० पर्यंत आकडे आहेत, हे मी चुकून एकदा बोलून गेलो. “त्यातले किती वापरलेस?” म्हणाले. साठपर्यंत, असं सांगितलं. “मग उरलेले कंपनी परत घेईल का बघ.”

बरं, आत लपून बसावं तर तीही सोय नाही. काळ्या गाडीला काळ्या काचा किती शोभल्या असत्या! पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी घातली. त्यामुळे गाडी सिनेमातल्या खलनायकाची आणि आत स्वच्छ उजेडात मी, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. सिग्नलला रिक्षातल्या बायका वाकून भाजी कुठली घेतली ते बघतात.

आता वेग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून बारा सेंटीमीटरवर आहे. कागदावर दोन सेंटीमीटरची चैन आहे. पण गावोगावचे गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेसने नव्हे, ज्याचं कोंबडं गाडीखाली गेलं त्याने बांधलेले असतात. उंचीत रागाचं प्रमाण मिसळलेलं असतं. मग गाडी तिरकी घालायची, आधी एक चाक, मग दुसरं. तेवढ्यानेही भागलं नाही तर वजन कमी करायचं. गाडीत वजन म्हणावं असं दोनच, त्यातला एक चालक. त्यामुळे प्रत्येक मोठ्या गतिरोधकापाशी बायको उतरते, पलीकडे चालत जाते आणि परत बसते. मागून येणाऱ्यांना दिसतं ते असं: काळी महागडी गाडी थांबली, बाई धाडकन दार लावून बाहेर पडली, तरातरा चालू लागली आणि नवरा गाडी घेऊन हळूहळू तिच्या मागे. एकदा खेडशीजवळ एका सज्जन गृहस्थांनी स्कूटर थांबवून तिला विचारलं, “ताई, काही मदत हवी का?” आणि मला वेगळं सांगितलं, “घरोघरी चालायचंच हे. माफी मागून टाका.”

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल बोलायचं नाही असं आमच्याकडे ठरलेलं आहे. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे. ज्या मुलांनी तेव्हा शाळेत नाव घातलं ती आता तिथे ठेकेदाराकडे नोकरीला असतील. जिथे रस्ता झाला आहे तिथे तो फारच सुंदर झाला आहे, आणि त्या सुंदर तुकड्यावर पाय जरा दाबावा असं वाटेपर्यंत “काम चालू, वळण घ्या” अशी पाटी येते. निवळीच्या घाटात आम्ही खड्डे निवडत चाललेलो असताना मागून लाल एसटी येते, दणादणा आदळत पुढे निघून जाते, आणि खिडकीतला एखादा म्हातारा आमच्याकडे दयेने बघतो. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीवर चढवून आणायची सोय केली. कोलाडला चढायचं, गोव्यात वेर्ण्याला उतरायचं, भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये; पुढे नांदगावलाही उतरायची सोय झाली. म्हणजे मुंबईहून गाडी आणली असती तर ती रत्नागिरी स्टेशनातून, आमच्याकडे ढुंकूनही न बघता, आयुष्यातल्या सर्वाधिक वेगाने पुढे गेली असती.

पण महामार्गाने शिकवलं नाही ते फेरीबोटीने शिकवलं. बायकोचं माहेर हेदवीकडे. रत्नागिरीहून जवळची वाट म्हणजे जयगडला जायचं, गाडी फेरीबोटीत घालायची आणि खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं. पहिल्या खेपेला धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. धक्का खाली उतरत गेलेला, आणि तिथून बोटीची लोखंडी फळी वर चढत गेलेली. मधे झालेल्या खोबणीत आमच्या गाडीचं नाक नेमकं रुतणार. बोटीवरचा पोरगा धक्क्यावर चक्क पालथा झोपला आणि गाडीखाली बघू लागला. मग पायातली चप्पल काढून त्याने ती आत सारून पाहिली.

“साहेब, माझी चप्पल जात नाय खालून.”

“मग?”

“भरतीला या.”

“भरती कधी?”

“आज काय, अष्टमी ना? आठ पाऊणे सहा. सहाला.”

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हा जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणलं की पुऱ्या भरतीची वेळ येते. आमच्यामागून आलेला माशांचा टेम्पो, दोन रिक्षा आणि लग्नाचं वऱ्हाड भरलेली जीप बोटीत चढून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. आम्ही धक्क्यावर बसून शेंगदाणे खाल्ले. तेव्हापासून सासुरवाडीला जाण्याचा बेत पंचांग बघून ठरतो. सासूबाईंनी फोनवर “कधी येताय?” विचारलं की मी म्हणतो, “चतुर्थीला. दुपारी तीनला.” त्यांच्या माहेरच्या माणसांत जावई अलीकडे फार धार्मिक झाला अशी ख्याती आहे.

बरं, हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असंही नाही. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली. पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून इतका गदारोळ झाला की अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. ही हकीकत मी अण्णांना सांगितली ती आधाराला म्हणून. अण्णा म्हणाले, “शोएब अख्तरला सोडलं नाही त्याने, फेरारीला सोडलं. मग तू कोण लागून गेलास?” टाटा मोटर्सनी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘रेसमो’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार मांडली होती. ती विक्रीला आलीच नाही. माझा तर्क असा की चाचणीसाठी कुणीतरी तिला हातखंबा तिठ्यापर्यंत आणलं असावं.

आता फायदे. ते आहेत, नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा फायदा मे महिन्यात कळतो. रत्नागिरीतला माणूस स्वतःच्या गाडीने मुंबईला निघाला की बातमी त्याच्या आधी गावभर पोचते, आणि पहाटे दारात पेट्या येऊन उभ्या राहतात. “जाताच आहात तर एवढी एक ठाण्याला.” “ही कांदिवलीला, वाटेवरच आहे.” ठाणे, कांदिवली, पनवेल, नेरूळ हे सगळं रत्नागिरीकराच्या दृष्टीने एकाच वाटेवर असतं. आमच्या गाडीच्या डिकीत एकच पेटी मावते आणि ती आमची असते. पहिल्या वर्षी लोकांचा विश्वास बसला नाही. बायकोची आत्या टेप घेऊन आली आणि तिने डिकी मोजली. मग पेटी न्यायचा नाद सोडून तिने आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि लोणच्याची बरणी अशी पिशवी भरली आणि ती बायकोच्या पायांशी ठेवली. लोणचं मुंबईपर्यंत सांडलं नाही, याचं श्रेय आमच्या वेगाला आहे.

दुसरा फायदा म्हणजे कुणी गाडी उसनी मागत नाही. लग्नासाठी एकाने मागितली होती. नवरदेवाला काळी गाडी हवी होती, वर फुलांच्या माळा, फोटो वगैरे. नवरदेव बसला. शेजारी नवरी बसली. शालू, शेला, मुंडावळ्या आणि हातातला नारळ मिळून ती सीट अशी भरली की दार लागेना. आणि करवली कुठे बसणार? करवली रुसली. करवलीची आई रुसली. शेवटी वरात रिक्षातून निघाली आणि आमची गाडी मागून रिकामी, माळा लावून. तेव्हापासून कुणी नाव काढत नाही.

सणावारी मात्र ती घरची होते. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत आधी पाट नेऊन द्यायचा आणि चतुर्थीच्या आधी मूर्ती घरी आणायची, अशी रीत. यंदा पाऊस इतका होता की डोक्यावरून आणणं शक्य नव्हतं. मूर्ती पाटासकट पुढच्या सीटवर ठेवली. शाडूची मूर्ती, चांगली वजनदार. गाडी सुरू केली तशी ती ‘टिंग टिंग टिंग टिंग’ वाजायला लागली. शेजारच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा बांधलेला नाही, अशी तिची तक्रार. मूर्तिकार म्हणाला, “पट्टा लावा की.” पण पट्टा सोंडेवरून घ्यायचा की खालून, यावर तिथे उभ्या असलेल्या माणसांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, देवाला बांधायचं नाही. शेवटी तशीच निघालो. पुढे झांजा वाजवत पोरं, मागे छत्र्या, मधे आम्ही माणसाच्या चालीने, आणि गाडीची अखंड टिंग टिंग. गल्लीच्या तोंडाशी आई आरती घेऊन उभी होती. तिने आवाज ऐकला आणि गाडीबद्दल पहिल्यांदाच बरं बोलली. “घंटा मात्र चांगली बसवलीय हो!”

त्यानंतरच्या पंधरवड्यात बाबांची तिथी आली. बाबा आयुष्यभर एसटीने फिरले. खिडकीची जागा आणि सुटे पैसे, एवढ्या दोनच गोष्टींची त्यांना आस होती. वडे, खीर, भाज्या, सगळं साग्रसंगीत झालं, पान काढून गडग्यावर वाडी ठेवली आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा आला. पण वाडीकडे न जाता तो गाडीच्या आरशावर बसला, वाकून आत डोकावला, आतला कावळा त्याला आवडला नाही आणि त्याने आरशाला टोच मारली. मग पुन्हा मारली. आम्ही “का का” करत राहिलो. दीड वाजला. पोटात आग पडली होती, आणि भटजींना पुढे अजून दोन घरं होती.

“दादाची इच्छा राहिली असेल गाडीत बसायची,” माझी आत्या डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

मी हात जोडले. “बाबा, तुम्हाला पुळ्याला फिरवून आणतो.”

कावळ्याने मान वाकडी केली आणि दुसऱ्या बाजूच्या आरशावर जाऊन बसला.

“तसं नाही. दादाला फुकटचा खर्च खपायचा नाही,” काका म्हणाले. “पेट्रोलचं बोल.”

“बाबा, कमी चालवीन.”

“याहून कमी?” बायको पुटपुटली.

कुणीतरी आरशांवर पायमोजे चढवायची सूचना केली. भटजी म्हणाले, जबरदस्ती चालत नाही, त्याने मनाने शिवलं पाहिजे. तेवढ्यात गडग्यापलीकडून अण्णा आले. त्यांनी एकवार कावळ्याकडे पाहिलं, एकवार घड्याळाकडे पाहिलं, कोर्टात पुकारा करायचे त्या आवाजात घसा साफ केला आणि म्हणाले, “गाडी विकतो!”

कावळा उडाला, थेट वाडीवर बसला, वडा उचलला आणि हापूसच्या फांदीवर जाऊन खाऊ लागला.

आईने डोळे पुसले. आत्या म्हणाली, “बघा, दादाच्या मनातलं नेमकं ओळखलं अण्णांनी.” सगळे हात धुऊन पानावर बसले. माझ्या घशाखाली खीर उतरेना. जेवणं आटोपल्यावर अण्णांना पडवीत गाठलं. ते सुपारी कातरत होते.

“अण्णा, हे काय करून बसलात? पितरांना दिलेला शब्द तो.”

“पहिला मुद्दा, शब्द मी दिला. गाडी माझ्या नावावर नाही. दुसऱ्याची मालमत्ता विकायचं कबूल केलं तर तो करार टिकत नाही.”

“आणि बाबांना हे कळत नसेल?”

“त्याला कळतं. बांधावरून एवढी वर्षं भांडलोय त्याच्याशी, माझी पद्धत ठाऊक आहे त्याला.” त्यांनी एक खांड तोंडात टाकलं. “दुसरा मुद्दा, विकतो म्हटलं, कधी ते म्हटलेलं नाही. मुदत मी मुद्दामच घातली नाही.”

“ती का?”

“परवा पावसला जायचंय मला, स्वामींच्या दर्शनाला. रिक्षावाले वाट्टेल ते सांगतात. सकाळी सातला तयार राहा.” ते उठले, धोतर सावरलं, आणि बेड्यापर्यंत जाऊन पुन्हा वळले. “आणि गतिरोधकाला मी उतरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.”